कोपऱ्यावरची चिंच आणि समोरची खिरणी : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण एका मध्यम शहरातल्या जुन्या वस्तीतलं आहे. संबंधितांच्या विनंतीवरून शहराचं आणि माणसांचं नाव दिलेलं नाही, ओळख पटेल असे काही तपशीलही गाळले आहेत. झाडांची मापं आणि घटनांचा क्रम मात्र आहे तसा ठेवला आहे. झाडांच्या नोंदी कशा घ्यायच्या हे दाखवायला मला बोलावलं होतं. पुढे प्रकरण वाढत गेलं तशी मी बैठकांनाही बसले.

सुरुवात एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी केली. आपल्या गल्ल्यांमध्ये जुनी, मोठी झाडं कोणती, असं त्यांनी शेजारीपाजारी विचारलं तेव्हा एकाचं उत्तर दुसऱ्याशी जुळेना. वीस-वीस वर्षं त्याच वाटेने जाणाऱ्यांना कोपऱ्यावर चिंच आहे की शिरीष, हे छातीठोकपणे सांगता येत नव्हतं. असं सगळीकडेच होतं. जेम्स वॉन्डर्सी आणि एलिझाबेथ शुसलर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी नेमकं याच्यावर बोट ठेवलं होतं. समोरच्या दृश्यातला प्राणी किंवा माणूस आपण चटकन टिपतो, झाडं मात्र हिरव्या पडद्यासारखी मागे राहून जातात.

बाईंनी काही जण गोळा केले आणि यादी करायला घेतली. पद्धत साधी होती. जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर टेप गुंडाळून खोडाचा घेर मोजायचा. बऱ्याच देशांत ही उंची १.३ मीटर धरतात. कोणती धरली हे कागदावर लिहून ठेवलं की पुढच्या मोजणीशी घोळ होत नाही. उतारावर वरच्या अंगाने मोजायचं. त्या उंचीवर गाठ किंवा फांदी आलीच तर तिच्या खाली जिथे खोड सर्वांत बारीक असेल तिथे टेप लावायचा. यादी आटोक्यात राहावी म्हणून गटाने एक मर्यादा ठरवली: २५० सेंटिमीटरच्या आत घेर असलेलं झाड घ्यायचं नाही. तेव्हा यावर फारशी चर्चा झाली नाही. हा या प्रकरणातला पहिला निर्णय होता आणि पुढे तोच महागात पडला.

कोपऱ्यावरची चिंच या यादीमुळेच पहिल्यांदा नीट पाहिली गेली. एका बंद पडलेल्या पंपघराच्या मागे ती उभी होती. बुंध्याला अगदी चिकटेपर्यंत काँक्रीट ओतलेलं, खोडावर जुन्या पाट्यांचे खिळे. घेर भरला ५१० सेंटिमीटर. टेप मागून फिरवताना एका मुलाचा हात लोखंडाला लागला. कधीकाळी ठोकलेला जाडजूड हूक सालीने जवळजवळ गिळला होता, बाहेर फक्त त्याचं टोक राहिलं होतं आणि भोवती साल दुमडून ओठासारखी जाड झाली होती. त्या रस्त्यावर जन्म काढलेल्या माणसांनी तो हूक कधी पाहिला नव्हता.

अडचण

पावसाळा सरता सरता एका वादळी संध्याकाळी चिंचेच्या रस्त्यावर झुकलेल्या फांदीचं टोक मोडलं आणि खाली उभ्या गाडीवर पडलं. गाडीचं छत दबलं. माणूस कुणी नव्हता. दुसऱ्या दिवशी बऱ्याच सह्यांचा अर्ज गेला की झाड पोकळ आहे, धोकादायक आहे, काढून टाका.

योगायोगाने त्याच रस्त्यावर पावसाच्या पाण्यासाठी भूमिगत वाहिनी टाकायची होती. आराखड्यात तिचा चर चिंचेच्या बुंध्यापासून दीड मीटरवरून जात होता. दोन वेगळ्या गोष्टींची सांगड तिथेच घातली गेली. झाड नाहीतरी धोक्याचं आहे, खोदकामालाही अडथळा आहे, तर एकदाच काय ते संपवू, असा सूर निघाला. हा सूर कुणा दुष्ट माणसाचा नव्हता. कामाची जबाबदारी असलेल्या अभियंत्यांना मुदत पाळायची होती आणि गाडीमालकाला उत्तर हवं होतं. पहिल्या बैठकीत तो बाईंना म्हणाला, “मॅडम, झाडाचं कौतुक मलाही आहे. पण आज गाडी गेली, उद्या माझं पोरगं खाली असेल. तेव्हा तुमची यादी मला काय उपयोगाची?”

हा प्रश्न मला या प्रकरणातला सर्वांत रास्त प्रश्न वाटतो. गटाचं पहिलं उत्तर मात्र त्याच्या आसपासही गेलं नाही.

“तीनशे वर्षांचं झाड”

गटाने पहिल्या निवेदनात चिंच तीनशे वर्षांची असल्याचं लिहिलं. कुणाच्या तरी आजोबांनी तसं सांगितलं होतं, घेर तर डोळ्यांसमोर होता आणि आकडा दमदार होता. अभियंत्यांनी एकच विचारलं, “पुरावा?” गटाने बोलावलेल्या वृक्षतज्ज्ञांनी तिथल्या तिथे सांगितलं की असं वय छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. बैठकीतलं वारं फिरलं. वय फुगवलेलं असेल, तर निवेदनातलं बाकीचं तरी कशावरून खरं?

वय सांगणं इतकं अवघड का, हे इथे थोडं खोलात जाऊन पाहायला हवं, कारण जुन्या झाडांकडे पाहणाऱ्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न तोच असतो. थंड प्रदेशांत हिवाळ्यात वाढ थांबते, म्हणून खोडात दरवर्षी एक स्पष्ट वलय पडतं. उष्ण प्रदेशांतल्या कित्येक जातींत वाढ अशी ठरलेल्या वेळी थांबत नाही. वलयं पुसट असतात, एका वर्षात दोन पडतात किंवा एखाद्या वर्षी पडतच नाहीत. त्यात खोड पोकळ असेल तर सर्वांत जुनं लाकूड, म्हणजे नेमका हवा तो पुरावा, कधीच कुजून गेलेला असतो. घेरावरून अंदाज बांधण्याची सूत्रं आहेत, पण ती ठरावीक जातींसाठी, ठरावीक हवामानात, मोकळ्या जागी वाढलेल्या झाडांवरून बसवलेली. मुळाशी पाणी मिळालेली चिंच आणि खडकात अडकलेली चिंच सारख्या वयाच्या असूनही घेरात दुपटीचा फरक दाखवू शकतात.

शिवाय वय म्हणजे नेमकं कशाचं, हाही प्रश्न उरतो. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या प्रसिद्ध महावटाचं मूळ खोड बुरशीने पोखरल्यामुळे १९२५ साली काढून टाकलं. झाड मात्र पारंब्यांच्या आधारावर आजही पसरतं आहे. त्याचं वय खोडाचं धरायचं की पारंब्यांचं? आणि वयाच्या मागे लागण्याची किंमतही मोजावी लागलेली आहे. अमेरिकेतल्या नेवाडा राज्यात १९६४ साली एका संशोधनासाठी ब्रिसलकोन पाइन जातीचं एक झाड तोडलं. ते तोडल्यावर त्यात ४,८०० हून जास्त वलयं भरली. तोवर माहीत असलेल्या झाडांत ते सर्वांत जुनं निघालं, आणि ते कळलं तेव्हा झाड उरलं नव्हतं.

इथे बाईंनी घेतलेला निर्णय या प्रकरणाचा कणा आहे. त्यांनी निवेदन मागे घेतलं आणि तीनशेचा आकडा काढून टाकायचं ठरवलं. गटातल्या काहींना ही माघार वाटली. “आकडाच काढला तर आपल्याकडे राहिलं काय?” असं एकाने चिडून विचारलं. बाई म्हणाल्या, “झाड राहिलं की. ते कसं आहे हे आपण अजून कुठे सांगितलंय?”

त्यानंतर गटाने वयाबद्दल फक्त सिद्ध करता येईल तेवढंच धरलं. एका घरातल्या पेटीत १९३० च्या दशकातला, मागे तारीख घातलेला एक फोटो सापडला. त्यात पंपघराच्या जागी मोकळं मैदान आहे, मागे चिंच आहे आणि तिच्या खोडावर तोच हूक पूर्ण बाहेर आलेला दिसतो. खोडासमोर दोन माणसं खांद्याला खांदा लावून उभी आहेत आणि तरी दोन्ही बाजूंना खोड दिसतं. म्हणजे तेव्हाच झाड जुनं होतं. निवेदनात वाक्य आलं ते इतकंच: “१९३० च्या दशकात हे झाड पूर्ण वाढलेलं होतं.” ते कुणालाही खोडता आलं नाही.

झाड नीट पाहिल्यावर

दुसरं निवेदन एका पानाचं झालं, पण त्यासाठी झाडाखाली जाऊन तास-तास बसावं लागलं. शेंड्याकडच्या फांद्या वाळलेल्या होत्या, हे अर्जदारांनी मरणाचं लक्षण मानलं होतं. खाली नीट पाहिलं तर मधल्या उंचीवर दाट, ताजी पालवी होती. म्हातारी झाडं उंचावरचा पसारा सोडून देतात आणि खालच्या बाजूला नवा, आटोपशीर डेरा धरतात. वरती पाणी चढवण्याचा आणि वारा झेलण्याचा खर्च त्यामुळे कमी होतो. वाळका शेंडा आणि खाली जोमदार पालवी हे एकत्र दिसलं तर झाड स्वतःला सावरतं आहे असं समजायला जागा असते. पालवीही विरळ होत चालली असेल तर गोष्ट वेगळी.

साधारण चार मीटरवर उत्तरेच्या अंगाला ढोली होती. तिच्या बरोबर खाली काँक्रीटवर करड्या रंगाच्या, बोटाच्या पेराएवढ्या गोळ्या पडलेल्या असत. एका मुलीने त्यातली एक काडीने उकलली तेव्हा आत भुंगेऱ्यांचे चकचकीत पंख आणि बारीक हाडं निघाली. न पचलेलं असं गोळ्या करून ओकून टाकणाऱ्या पिंगळ्यांची, म्हणजे लहान घुबडांची, जोडी तिथे राहत होती. जुन्या झाडांचं मोल इथे हाताला लागतं. ढोली तयार व्हायला फांदी मोडून, बुरशी लागून, लाकूड कुजून अनेक दशकं जावी लागतात. तरण्या झाडांची कितीही लागवड केली तरी ढोलीची भरपाई त्या पिढीत होत नाही.

आता पोकळपणा. अर्जातला मुख्य मुद्दा तोच होता, म्हणून तज्ज्ञांनी बैठकीत त्याला सर्वांत जास्त वेळ दिला. खोडाच्या मधलं लाकूड जिवंत नसतं. पाणी वाहतं ते सालीलगतच्या रसकाष्ठातून. गाभा कुजला तरी झाड जगू शकतं. अमेरिकी वनसेवेतल्या अलेक्स शायगो यांनी हजारो झाडं उभी-आडवी चिरून दाखवून दिलं की झाड जखम भरून काढत नाही, तर कुजलेल्या भागाभोवती भिंती उभारून तो कोंडून टाकतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत राहतं. आधाराचं म्हणाल तर गोल नळीचा वाकण्याला होणारा विरोध आतल्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. त्रिज्येच्या निम्म्यापर्यंत खोड पोकळ झालं तर बळ जातं सुमारे ६ टक्के. सत्तर टक्क्यांपर्यंत पोकळ झालं तर सुमारे २४ टक्के. हे गणित फळ्यावर मांडल्यावर अभियंत्यांनी पहिल्यांदा वही उघडली.

हे गणित अखंड, मध्यावर पोकळ असलेल्या नळीचं आहे, हेही तज्ज्ञांनी लपवलं नाही. खोडाभोवती संवेदक लावून, हातोडीने हलके ठोके देऊन ध्वनिलहरींची तपासणी झाली. कुजलेल्या लाकडातून किंवा पोकळीला वळसा घालून आवाज उशिरा पोचतो, त्यावरून आतला नकाशा मिळतो. बहुतेक बाजूंनी निरोगी भिंत ३५ सेंटिमीटरहून जाड निघाली. उत्तरेकडे मात्र ती फक्त २२ सेंटिमीटर होती. खोडाची त्रिज्या ८१ सेंटिमीटर. जर्मन अभ्यासक क्लाउस मॅथेक यांनी रूढ केलेला ठोकताळा सांगतो की भिंतीची जाडी त्रिज्येच्या ०.३ पट तरी असावी. इथे एका बाजूला ती ०.२७ भरत होती.

गटातल्या एकाने हा आकडा अहवालाच्या शेवटी, जोडपत्रात टाकावा असं सुचवलं. बाई आणि तज्ज्ञ दोघांनीही नकार दिला आणि तो पहिल्याच परिच्छेदात लिहिला. शेजारी तज्ज्ञांचं मतही लिहिलं: हा ठोकताळा झाडावर भार किती आहे हे विचारात घेत नाही, या चिंचेचा डेरा आधीच खाली आलेला आणि आखूड आहे, त्यामुळे खोडाला झेलावा लागणारा वारा कमी आहे, तरी उत्तरेची बाजू कमकुवत धरूनच पुढचं ठरवावं. माझ्या मते निर्णय झाडाच्या बाजूने झुकला तो इथे. गैरसोयीचा आकडा ज्यांनी स्वतःहून समोर ठेवला, त्यांच्या बाकीच्या आकड्यांवर विश्वास बसला.

समोरचे पर्याय

झाड मुळासकट काढणं हा पहिला पर्याय. धोका शून्यावर येतो, चर सरळ जातो. बदल्यात जे जातं ते परत आणता येत नाही.

उपटून दुसरीकडे लावावं, असं एका सदस्याने मनापासून सुचवलं. हा पर्याय ऐकायला सुखद असतो म्हणून तो तपासणं गरजेचं होतं. झाड हलवताना मुळांचा गड्डा साधारण खोडाच्या व्यासाच्या दहापट रुंद ठेवावा असा संकेत आहे. या चिंचेचा व्यास १६२ सेंटिमीटर, म्हणजे गड्डा सोळा मीटरचा. रस्ताच तेवढा रुंद नव्हता. पोकळ खोड उचलताना फाटलं असतं ते वेगळंच.

तिसरा पर्याय बहुसंख्यांना पटलेला होता: सगळ्या मोठ्या फांद्या बुडापासून तोडून नुसता बुंधा ठेवायचा. झाड राहिलं असं म्हणता येतं आणि खाली काही पडतही नाही. प्रत्यक्षात म्हाताऱ्या झाडासाठी हा सावकाश दिलेला मृत्यू असतो. पानं गेली की अन्न गेलं. मोठ्या जखमा झाकल्या जायच्या आत बुरशी शिरते आणि जे कोंब फुटतात ते सालीलगतच चिकटलेले असतात, जाड झाले की तेच निखळतात. काही वर्षांनी धोका पूर्वीपेक्षा वाढलेला असतो.

काहीच न करणं हाही पर्याय मांडला गेला. त्यावर गाडीमालकाने फक्त मोडलेल्या फांदीच्या टोकाकडे बोट दाखवलं.

पाचव्या पर्यायाला चार तुकडे होते. रस्त्यावर आलेली लांब फांदी टोकाकडून आखूड करायची, खाली वाहनं उभी करायला बंदी घालायची, बुंध्याभोवतीचं काँक्रीट काढायचं आणि वाहिनीचा चर रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला न्यायचा. चर हलवण्यावरून खूप ताणलं गेलं. झाडाची पाणी शोषणारी बहुतेक मुळं जमिनीच्या वरच्या थरात, मीटरभर खोलीच्या आतच असतात आणि डेऱ्याच्या बाहेरपर्यंत पसरतात. ब्रिटनच्या बांधकाम मानकात, बीएस ५८३७ मध्ये, खोडाच्या व्यासाच्या बारापट त्रिज्येचं वर्तुळ मुळांसाठी राखायला सांगितलं आहे, जास्तीत जास्त १५ मीटर. चिंचेला १५ मीटर देणं त्या रस्त्यात शक्य नव्हतं. पलीकडच्या बाजूने ११ मीटर मिळत होते. दीड मीटरच्या तुलनेत ते भरपूर होते आणि सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला.

निर्णय आणि प्रत्यक्ष काम

पाचवा पर्याय मंजूर झाला. लगेच पेच आला तो वेळेचा. फांदी पुढच्या वादळांआधी हलकी व्हायला हवी होती, पण ढोलीत पिंगळ्यांची पिल्लं होती आणि त्यांचा विणीचा हंगाम साधारण एप्रिलपर्यंत चालतो. तज्ज्ञांनी उत्तर सोपं ठेवलं. धोका म्हणजे फांदी पडण्याची शक्यता आणि खाली कुणी असण्याची शक्यता, दोन्हींचा गुणाकार. दुसरी गोष्ट आजच कमी करता येते. फांदीखाली त्याच आठवड्यात अडथळे लावून गाड्या हटवल्या आणि छाटणी पिल्लं उडून गेल्यावर, मे महिन्यात, पावसाआधी झाली. “एवढं आधीच करता आलं असतं की,” असं गाडीमालक म्हणाला, आणि ते खरंच होतं.

छाटणी टोकाकडून झाली, फांदीच्या बुडाशी असलेली गळपट्टी, म्हणजे फांदी खोडाला जुळते तिथली फुगीर कड, न दुखावता. काँक्रीट छिन्नी-हातोड्याने फोडलं, बुंध्याजवळ यंत्र येऊ दिलं नाही. खालची माती विटेसारखी घट्ट होती. तिच्यावर कापलेल्या फांदीचाच भुगा आणि ढलप्या दहा सेंटिमीटर जाडीने पसरल्या, खोडाला टेकू न देता. पलीकडचा चर ठेकेदाराने यंत्राने खोदला. तिथे गटातलं कुणीही उभं नव्हतं.

काय निष्पन्न झालं

चिंच उभी आहे. त्यानंतरच्या पावसाळ्यांत आखूड केलेल्या फांदीचं काही मोडलं नाही आणि मोकळ्या झालेल्या मातीच्या अंगाने पालवी दाट झाली. काम चालू असताना पिंगळे ढोली सोडून गेले. पुढच्या हंगामात ढोलीत पुन्हा पिंगळे दिसले, तेच की दुसरे हे सांगता येत नाही. उत्तरेच्या कमकुवत बाजूची तपासणी ठरावीक काळाने करायची असं लेखी ठरलं. हा आग्रह गाडीमालकाचा होता. ती फांदी पूर्ण काढायला हवी होती, हे त्याचं मत आजही कायम आहे.

पण पहिल्याच उन्हाळ्यात रस्त्याच्या पलीकडे, कुंपणालगतची खिरणी एका अंगाने सुकायला लागली. रस्त्याकडची पानं पिवळी पडून गळली, भिंतीकडची हिरवी राहिली. चर तिच्या बुंध्यापासून दोन मीटरवरून गेला होता आणि यंत्राने मनगटाहून जाड मुळं तोडली होती. तिचा घेर १४० सेंटिमीटर, म्हणजे व्यास ४५ सेंटिमीटरच्या आसपास. ज्या बारापटीच्या नियमाची चिंचेसाठी इतकी चर्चा झाली, तोच तिला लावला असता तर चर तिच्यापासून पाच मीटरहून जास्त अंतरावर ठेवावा लागला असता. बैठकीत बसलेल्या सगळ्यांना नियम पाठ झाला होता. खिरणी मात्र कुणाच्या यादीतच नव्हती, कारण तिचा घेर २५० च्या आत होता.

खिरणी फार सावकाश वाढते, लाकूड अतिशय घट्ट. बारीक दिसणारं झाडही बरंच जुनं असू शकतं. पुढे शेजारच्या मिळकतीच्या जुन्या कागदांत हद्दीची खूण म्हणून याच जागी खिरणीचा उल्लेख सापडला. तो कागद चिंचेच्या फोटोपेक्षा जुना आहे. वस्तीतल्या ज्या झाडाच्या वयाला लेखी आधार होता, ते झाड कुणी पाहिलंच नव्हतं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी यादीची मर्यादा. घेर मोजायला सोपा, म्हणून तोच निकष झाला. इतर ठिकाणी घेरासोबत आणखी काही जोडतात. अमेरिकेत १९४० पासून चालत आलेल्या विक्रमी झाडांच्या नोंदीत इंचांमधला घेर, फुटांमधली उंची आणि डेऱ्याच्या सरासरी रुंदीचा चौथा हिस्सा यांची बेरीज करतात आणि तुलना त्याच जातीच्या झाडांशी करतात. जातीनुसार तुलना केली असती तर १४० सेंटिमीटरची खिरणी वर आली असती. ब्रिटनमध्ये स्वयंसेवकांनी मिळून दोन लाखांहून जास्त जुन्या झाडांची नोंद केली आहे. तिथे पोकळी, वाळकी लाकडं, बुरशी, सालीतल्या भेगा ही म्हातारपणाची चिन्हंही घेराइतकीच पाहिली जातात.

दुसरं, चर हलवताना नव्या मार्गावर एक फेरी मारायला हवी होती. अभियंत्यांकडे नकाशा होता, तज्ज्ञांकडे नियम होता, गटाकडे डोळे होते. तिघांनी मिळून पलीकडच्या फुटपाथवरून एकदा चालत जाणं एवढंच राहिलं. अशा प्रकरणांत एका झाडाची बाजू लढवणारे लोक त्या झाडाइतकेच रुंद पाहतात, हे मी इतर ठिकाणीही पाहिलं आहे. वाचवण्याच्या भरात नजर अरुंद होते. मार्ग बदलला की नव्या मार्गावरच्या प्रत्येक झाडाची नोंद आधी, मंजुरी नंतर, असा क्रम लावायला हवा.

तिसरं, गाडीमालकाला सुरुवातीपासून सोबत घेता आलं असतं. फांदीखालची जागा मोकळी करणं हे काम कुणाच्याही परवानगीशिवाय, त्याच संध्याकाळी करण्यासारखं होतं. ते झालं असतं तर सह्यांच्या अर्जाची धार तिथेच बोथट झाली असती. तीनशे वर्षांचा दावा केला नसता तर बैठकांचा एक पूर्ण हप्ताही वाचला असता, पण त्या फजितीशिवाय गट झाडाखाली जाऊन बसला असता का, याबद्दल आमच्यात अजून दोन मतं आहेत. बाईंना वाटतं, बसलो असतो. मला तशी खात्री नाही.

खिरणीवर सध्या कुऱ्हाड चालवलेली नाही. सुकलेली बाजू लगेच छाटू नका, दोन-तीन पावसाळे जाऊ द्या, तुटलेल्या मुळांच्या जागी नवी फुटतात का ते पाहू, असं तज्ज्ञांनी सांगितलं आहे. तिच्याभोवतीही ढलप्या पसरल्या आहेत आणि उन्हाळ्यात पाणी दिलं जातं. गटाने घेराची अट काढून टाकली. आता प्रत्येक झाडाच्या पानावर जात, घेर, मोजणीची उंची, ढोल्या, वाळक्या फांद्या, बुंध्याजवळची जमीन, जुना फोटो किंवा कागद, आणि आसपास कुठलं खोदकाम ठरलं आहे का, असे रकाने आहेत. शेजारच्या गल्लीतल्या वाहिनीचा आराखडा येण्याआधी तिथली पानं भरून द्यावीत, असं अभियंत्यांनी स्वतः कळवलं आहे, आणि या वेळी मोजणीला गाडीमालकही येणार आहे.